आधी सोफा सरकवा, मग स्पीकर बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकलं असेल तर कळेल. पाथर्डी फाट्याला नवा फ्लॅट, हॉल १६ बाय ११ फूट. टीव्ही १६ फुटी भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला टेकवून. आठ वर्षं जुना एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर, आहे आणि त्याला दुसऱ्याच एका होम थिएटरचे पाच छोटे डबे जोडलेत. सासऱ्यांना शास्त्रीय गाणं आणि नाट्यसंगीत हवं, मुलाला सिनेमा आणि गेम, आणि दोन्ही याच हॉलमध्ये. बजेट ५० हजार. दुकानदार म्हणतो दोन टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, घ्या, मुलगा म्हणतो पूर्ण ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि खोल बेससाठी वेगळा सबवूफर, घ्या, मिस्टर म्हणतात साउंडबार लावा आणि मोकळे व्हा.

नाशकात मी २६ वर्षं हेच काम करतोय. आधी नुसती दुरुस्ती, आता घरोघरी सिस्टिम बसवणं. माझं उत्तर असं: दोनच स्पीकर घ्या, बुकशेल्फ प्रकारचे, म्हणजे छोट्या खोक्याचे, सव्वापाच ते साडेसहा इंची वूफरचे (वूफर म्हणजे बेस वाजवणारा मोठा गोल), आणि ते स्टँडवर ठेवा. ५० हजारांतले ३५ ते ३८ जोडीवर घाला, पाच-सात हजार स्टँडवर, उरतील ते वायर आणि एका जाड गालिच्यावर. सबवूफर आत्ता नको. सहा महिन्यांनी कमी वाटलंच तर बघू. आणि यातला एक रुपयाही काढायच्या आधी सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे ओढा आणि आठवडाभर तसं राहून बघा. घरात चालण्या-फिरण्याची अडचण होते का, तुम्हाला सवय होते का, ते आधी कळू दे.

स्पीकरचं विचारलं आणि हा सोफ्याचं सांगतोय, असं वाटेल. पण भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला बेस नेहमीच जास्त ऐकू येतो. तंबोऱ्याची तार मेरू आणि घोडीच्या मध्ये ताणलेली असते, तशी समोरासमोरच्या दोन भिंतींमधली हवा ही हॉलची तार समजा. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. तुमचे ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर. ३४५ ला त्याच्या दुपटीने, म्हणजे ६.७ ने भागलं की ५१ येतात. म्हणजे ५१ हर्ट्झच्या, सेकंदाला ५१ कंपनांच्या, आसपासचा सूर लागला की हॉल स्वतःच त्याच्याबरोबर गायला लागणार. १६ फुटांच्या दिशेने हाच आकडा ३५ येतो. तारेत आणि हवेत फरक एवढाच, की तार मधोमध जास्त हलते आणि हवेचा दाब मात्र भिंतीशी सगळ्यात जास्त असतो. आणि नेमका तिथेच आपण सोफा टेकवतो! दीड फुटाने हे घुमणं पूर्ण जात नाही, थोडं उतरतं. पण डोक्यामागच्या भिंतीवरून आपटून येणारा आवाज कानापासून लांब जातो आणि टीव्हीवरचे संवाद लगेच मोकळे होतात. हा फरक तुम्हाला आत्ताच्या डब्यांवरही ऐकू येईल, फुकटात.

आता टॉवर का नको. त्याच घराण्याच्या बुकशेल्फमध्ये आणि टॉवरमध्ये बऱ्याचदा वूफर सारख्याच मापाचे असतात. टॉवरमध्ये ते दोन असतात आणि खोकं उंच असल्यामुळे तो ४० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखालीही उतरतो. मोठ्या, मोकळ्या दिवाणखान्यात ते छान लागतं. तुमच्या हॉलमध्ये तो नेमका तिथे जोर लावणार, जिथे खोली आधीच घुमते आहे. इंदिरानगरला एका रो-हाउसमध्ये १२ बाय १० च्या खोलीत मी टॉवरची जोडी बसवली होती. गिऱ्हाइकाचा आग्रह होता, खोटं कशाला, माझाही उत्साह होता. तबला सुरू झाला की डग्गा शेजारच्या खोलीत वाजतोय असं वाटायचं. तीन फेऱ्या मारल्या. स्पीकरच्या पोर्टमध्ये, म्हणजे मागच्या भोकात, पायमोजे कोंबून बघितले. थोडं सुधारलं, पुरेसं नाही. शेवटी तोटा सोसून जोडी परत घेतली. तेव्हापासून कॅटलॉगच्या आधी पिशवीतून टेप निघते.

सासऱ्यांच्या गाण्याला बेस किती खोल लागतो तेही बघा. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ वर. बाई काळी चारमध्ये गात असेल तर खर्ज १०४ च्या आसपास. म्हणजे ५५-६० हर्ट्झपर्यंत नीट, न फुगता उतरणारा स्पीकर असला की मैफल पूर्ण ऐकू येते. चांगला साडेसहा इंची बुकशेल्फ हे करतो. त्याखालचं सगळं स्फोट, विमानं आणि गेममधले राक्षस. ते मुलाचं खातं आणि त्यासाठीच पुढे सबवूफर.

ठेवायचं कुठे, हा पुढचा मुद्दा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. इंटिरियरवाले टीव्ही युनिटमध्येच स्पीकरसाठी सुबक खण काढून देतात. दिसायला छान, आवाजाला वाईट. खणाच्या पाठीला पातळ प्लाय असतो, तो पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, आणि मागे भोक असलेला स्पीकर त्यात कोंडला की सगळा मामला बोजड होतो. महात्मानगरच्या एका घरातून तक्रार आली, नवा स्पीकर फाटला म्हणून. ठराविक घुमार आला की कुठेतरी बारीक झिर्रर्र. मी जाळी काढून स्पीकरचा कोन, म्हणजे आत-बाहेर हलून आवाज काढणारा भाग, दोन्ही अंगठ्यांनी सावकाश आत दाबला. कॉइल कुठेही घासत नव्हती. डावा स्पीकर बंद केला तरी झिर्रर्र चालूच. मग तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावला आणि वरच्या काचेच्या कपाटात हात घालून एकेक वस्तू बोटाने दाबत गेलो. समई, चांदीचा पेला, कुठल्याशा सत्काराचं मानचिन्ह. शेवटी ताम्हनावर बोट ठेवलं आणि आवाज थांबला. ताम्हनात पळी होती. पळी काढून बाजूला ठेवली आणि स्पीकर दुरुस्त झाला! त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

म्हणून स्टँड. कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी चौकोनी पाइपचे दोन स्टँड करून घ्या, उंची साधारण २४ इंच. सोफ्यावर बसल्यावर तुमचा कान जमिनीपासून किती उंचीवर येतो ते मोजा आणि ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा गोल, त्या उंचीला आणा, बस. पाइपमध्ये कोरडी वाळू भरली की तो वाजत नाही. खाली टोकदार खिळे नकोत, व्हिट्रिफाइड टाइलवर ते घसरतात आणि ओरखडे पाडतात. जाड रबर लावा. दोन स्पीकरमध्ये सहा ते सात फूट अंतर, आणि तुमच्यापर्यंतही साधारण तेवढंच. मागच्या भिंतीपासून निदान फूटभर पुढे. दोन्ही थोडे आत, तुमच्याकडे वळवलेले.

स्टँडवर ठेवायचं आणखी एक कारण आहे, ते कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं. आपल्याकडे रोज लादी पुसली जाते. स्पीकरची खोकी एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची, असतात आणि एमडीएफ पाणी पितं. जमिनीवर ठेवलेल्या टॉवरची खालची कड चार-पाच वर्षांत पावासारखी फुगलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे.

आता आवाजाची जात. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात लोकांना स्पीकर दिसू न देता ऐकवले आणि कोणाला काय आवडतं ते मोजमापांशी ताडून पाहिलं. किंमत आणि नाव दिसत नसलं की बहुतेकांना एकाच प्रकारचा स्पीकर आवडतो: समोरून सपाट, म्हणजे कुठलाच सूर पुढे न काढणारा, आणि बाजूने ऐकला तरी तसाच. ही बाजूची गोष्ट आपल्या घरांना फार लागू आहे. टाइलची फरशी, काचेचा सरकता दरवाजा, गुळगुळीत भिंती; आपण जे ऐकतो त्यातलं कितीतरी आधी कुठेतरी आपटून आलेलं असतं. बाजूला फेकलेला आवाज चिरका असेल तर सगळा हॉल चिरका होतो. हॉलच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. मागून 'टिंग' असं शेपूट ऐकू आलं, तर गालिचा आणि जाड पडदे ही हौस उरत नाही, तो सिस्टिमचाच भाग होतो. मात्र पडद्याने ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, शोषला जातो, बेस नाही. बेसला पडदा म्हणजे वाऱ्याला जाळी.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. तुमच्या बजेटमध्ये वॉर्फडेल, पोल्क, एलॅक, डाली, क्यू अकूस्टिक्स आणि आपल्या कोलकात्याची सोनोडाइन, यांच्या सुरुवातीच्या मॉडेलांत डोळे झाकून टाकाऊ असं फारसं नाही. हॉर्नवाल्या, म्हणजे ट्विटरपुढे भोंगा असलेल्या, क्लिप्शचा मी चाहता आहे, सिनेमाला तो जिवंत वाटतो, पण नुसत्या टाइलच्या हॉलमध्ये तारसप्तकात तो माझ्या कानाला टोचतो. सासऱ्यांची खुर्ची समोर असताना मी तो सुचवणार नाही. हे मत झालं, नियम नाही.

वॅटच्या आकड्यांनी भुलू नका. पीएमपीओ (क्षणभराची, फुगवलेली ताकद) असं छापलेलं असलं तर तो आकडा वाचूच नका, आरएमएस (सतत देता येणारी ताकद) बघा. रिसीव्हरच्या खोक्यावर ठळक छापलेले वॅट बहुतेकदा एकच चॅनेल, म्हणजे एकाच स्पीकरची जोडणी, चालू ठेवून मोजलेले असतात. बघायचं ते सेन्सिटिव्हिटीकडे: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. ८६ आणि ८९ मध्ये तीनचाच फरक दिसतो, पण तेवढ्याच आवाजासाठी ८६ वाल्याला दुप्पट वॅट लागतात. तरी घाबरू नका, सात फुटांवरून रोजचं ऐकताना एक-दोन वॅटच खर्च होतात. बाकीचे तोडा-तुकडा समेवर येतो तेव्हासाठी. ८६ च्या पुढचा, आठ किंवा सहा ओहमचा कुठलाही स्पीकर तुमच्या रिसीव्हरला झेपेल. चार ओहमचा घेऊ नका; ओहम जितके कमी, तितका स्पीकर रिसीव्हरमधून जास्त करंट खेचतो.

५.१ बद्दल मुलाला एवढं सांगा: ३८ हजारांत दोन स्पीकर येतात ते वेगळे आणि त्याच पैशात सहा येतात ते वेगळे. शिवाय मागचे दोन ठेवायला तुमच्या सोफ्यामागे जागाच नाही. सेंटर स्पीकरला, म्हणजे टीव्हीपाशी मधोमध ठेवायच्या संवादांच्या स्पीकरला, मात्र मी नाही म्हणत नाही. सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत असतील तर त्यांना जवळच्या स्पीकरचाच आवाज जास्त येणार आणि संवाद एका बाजूला सरकणार. म्हणून ज्या मालिकेत जुळता सेंटर मिळतो तीच जोडी घ्या, पुढच्या दिवाळीला तो जोडता येईल. आणि कोणी पीओपीच्या छतात गोल स्पीकर बसवून देतो म्हणाला, तर नम्रपणे नाही म्हणा. पडद्यावरचा माणूस समोर बोलतो आणि आवाज डोक्यावरून, स्टेशनवरच्या घोषणेसारखा.

मिस्टरांच्या साउंडबारवर मी हसणार नाही. घरात फक्त बातम्या, मालिका आणि क्रिकेट असतं तर मी तोच सांगितला असता. एक एचडीएमआय वायर, एक रिमोट, काम संपलं. पण दोन-तीन फुटांच्या पट्टीतून मैफल पसरत नाही, आणि तुमच्या घरात एक ऐकणारा माणूस आहे.

दुकानात ऐकायला जाल तेव्हा सासऱ्यांना घेऊन जा, आणि त्यांच्या ओळखीचं गाणं न्या. दुकानातल्या चकचकीत डेमोवर कुठलाही स्पीकर ग्रेट वाटतो. दोन जोड्यांत जी किंचित मोठ्याने लावलेली असते ती हमखास बरी वाटते. विक्रेत्याने मुद्दाम केलं नाही तरी असं होतं. मोबाइलवर आवाज मोजायचं फुकट ॲप टाका आणि दोन्ही एका पातळीवर आणूनच ऐका. माझी स्वतःची कसोटी सांगतो. द. वि. पलुसकरांचं कोणतंही ध्वनिमुद्रण लावतो. पलुसकर १९२१ साली आपल्या नाशकातच जन्मले आणि १९५५ मध्ये गेले, स्टिरिओ तबकड्या बाजारात यायच्या आधीच. म्हणजे त्यांचं गाणं मूळचं मोनो. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज जातो, त्यामुळे गळा दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, हवेत, एका माणसाएवढ्या जागेत उभा राहिला पाहिजे. तो पसरला, एका बाजूला झुकला किंवा वरच्या सुरात जागा बदलू लागला, तर जोडी, जागा किंवा वायर यांपैकी काहीतरी चुकलंय.

वायर म्हटलं आणि माझीच फजिती आठवली. घर बदललं तेव्हा घाईत एका स्पीकरचं लाल-काळं उलटं जोडलं गेलं. गिऱ्हाइकांकडे दहा वेळा तपासणारा मी, स्वतःच्या घरी तीन महिने तसंच ऐकत होतो. शेवटी बायको म्हणाली, "हल्ली गाणारा भिंतीत जाऊन गातो का हो?" उलट्या जोडणीत एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, बेस मरतो आणि मधला गळा विरघळतो. शंका आली तर स्पीकरची वायर रिसीव्हरच्या बाजूने सोडवा आणि साधा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, सेलचा अधिक लालला. कोन टचकन बाहेर यायला हवा. वायर १.५ किंवा २.५ चौरस मिलिमीटरची, पूर्ण तांब्याची घ्या. स्वस्तातल्या काही वायरींत आत ॲल्युमिनियम आणि वर नुसता तांब्याचा मुलामा असतो. चाकूने एक तार खरवडली की पांढरी दिसते. याहून महाग वायर घ्यायची गरज नाही.

खरेदी शक्यतो नाशकातच करा. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवर दोन-चार हजार वाचवता येतात, मीही वाचवलेत. पण तिथे बिल आणि कंपनीची वॉरंटी आहे का ते नीट बघावं लागतं, आणि हॉलमध्ये जमलं नाही तर जोडी परत न्यायला पुन्हा कसारा घाट उतरावा लागतो. इथल्या दुकानदाराला अनामत ठेवून दोन दिवस घरी ऐकायला मागा. काही देतात, नाही म्हणाला तर दुसरा बघा.

सबवूफर पुढे घ्यालच, तर आठ किंवा दहा इंची, आणि त्याची जागा अशी शोधा: तो उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेस असलेलं काहीतरी लावा आणि हॉलभर भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बेस सगळ्यात स्वच्छ आणि सारखा ऐकू येतो ती सबवूफरची जागा. हे करताना घरातले हसतात, हसू द्या. रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात तो आकडा, ८० हर्ट्झवर ठेवा. आणि खालच्या मजल्यावर कोण राहतं ते लक्षात असू द्या. सबवूफरचा सूर स्लॅबमधून जातो, दार बंद करून थांबत नाही.

शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलंत की आवाज मोठा केला की रिसीव्हर गरम होऊन बंद पडतो आणि नवा घ्यावा लागेल का. बहुधा नाही. त्या जुन्या पाच डब्यांपैकी एक उलटा करा आणि मागचं स्टिकर वाचा. होम थिएटरच्या अशा डब्यांवर तीन किंवा चार ओहम लिहिलेलं मी नेहमी बघतो, आणि ते त्यांच्या मूळ मशीनसाठीच बनवलेले असतात. तुमच्या रिसीव्हरच्या पाठीवर, टर्मिनलच्या शेजारी, सहा ते सोळा ओहम किंवा तसंच काही छापलेलं दिसेल. त्याला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओढायला लावलंय म्हणून तो बंद पडतो. शिवाय मागे टॉर्च मारून बघा, लाल टर्मिनलमधून सुटलेली तांब्याची एखादी बारीक तार काळ्याला टेकलेली असते कधी कधी, आणि टीव्ही युनिटच्या बंद खणात त्याला हवाही मिळत नसेल. डबे काढा, रिसीव्हर उघड्यावर ठेवा, नवी आठ किंवा सहा ओहमची जोडी लावा. तरीही बंद पडला तर मला कळवा, घरी येऊन बघतो.